खडकातील माता

जगाने जवळजवळ साठ वर्षांपूर्वी पाहिलेली एक दूरदर्शन-मालिका आम्ही या पावसाळ्यात प्रथमच पाहिली. 'स्टार ट्रेक' हे तिचे नाव. अमेरिकेतील एन. बी. सी. या वाहिनीवर तिचा पहिला भाग ८ सप्टेंबर १९६६ रोजी, म्हणजे पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, दाखविला गेला, आणि अखेरचा ३ जून १९६९ रोजी. एकूण भाग ७९. त्या काळी आपल्या देशात दूरदर्शन होते ते केवळ दिल्लीत. मुंबईस ते पोहोचावयास १९७२ साल उजाडले. आता मात्र मुलांच्या हातातील फोनवर जुने-नवे सर्वच येऊन पोहोचते. अशा वेळी वडीलधाऱ्यांनी आधी पाहावे व मग बोलावे, हे बरे.

कथा कित्येक शतकांनंतरची. 'एंटरप्राइज' नावाची एक नौका सुमारे ४३० माणसे घेऊन ताऱ्यांमधून फिरते आणि अनोळखी लोकांचा शोध घेते. विल्यम शॅटनर हे तिचे कप्तान कर्क. लेनर्ड निमॉय हे स्पॉक. त्याचा बाप परग्रहावरचा, आई पृथ्वीवरची. कान टोकदार, बुद्धी तीक्ष्ण, भावना आवरलेल्या. डीफॉरेस्ट केली हे डॉक्टर मॅकॉय, तोंडाने तिखट व मनाने मऊ. आजच्या झगमगाटास सरावलेल्या डोळ्यांस प्रारंभी थोडे हसू येते. खडक रंगविलेले आहेत हे लपत नाही. दर आठवड्यास नौका ग्रहावर उतरविणे खर्चाचे, म्हणून माणसे प्रकाशाच्या कणांत विरघळून खाली प्रकट होतात, अशी युक्ती योजिली आहे. परंतु सणाच्या रात्री मांडवात होणारे गावचे नाटक ज्यांनी पाहिले आहे त्यांस ठाऊक आहे की, पडदा जुना असला तरी गोष्टीत जीव असेल तर प्रेक्षक जागचा हलत नाही.

मालिकेचे सार एकाच भागात पाहावयाचे असेल, तर ९ मार्च १९६७ रोजी दाखविलेला 'अंधारातील सैतान' या अर्थाच्या नावाचा भाग पाहावा. तो जीन कून यांनी लिहिला. एका दूरच्या ग्रहाच्या पोटात खाणी आहेत. तेथे कोणी अज्ञात प्राणी खडक पोखरीत येतो व कामगारांस जाळून मारतो. पन्नासाच्या आसपास माणसे अशी गेली आहेत. कामगारांचे एकच मागणे आहे : त्या सैतानास ठार करा. कप्तान कर्क त्याच निश्चयाने खाली उतरतो. खाणीच्या एका नव्या थरात हजारो गोल दगड सापडले, ही गोष्ट मध्येच ओझरती कानावर येते. तिच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही.

पुढे कर्क व तो जखमी प्राणी समोरासमोर येतात. कर्काच्या हाती शस्त्र आहे. पण प्राणी अंगावर येत नाही, आणि कर्क शस्त्र चालवीत नाही. दुसऱ्याच्या मनाशी आपले मन जोडण्याची विद्या स्पॉकला अवगत आहे. तो त्या प्राण्यावर हात ठेवतो, आणि त्याच्या मुखातून आकांत बाहेर पडतो. ते गोल दगड म्हणजे अंडी! त्या जातीचे सर्व जीव ५०,००० वर्षांनी एकदा मरून जातात. एकच मागे उरते, व ती सर्वांच्या पिलांची माता होऊन राखण करते. कामगार खणीत गेले आणि न कळत तिची लेकरे मारीत गेले. ज्याला सैतान म्हटले ती आई होती.

सोटे उगारून कामगार धावून येतात. कर्क आडवा उभा राहून त्यांस खरा प्रकार सांगतो. डॉक्टर मॅकॉय आपण गवंडी नव्हे अशी कुरकुर करीत बांधकामाच्या काँक्रीटने तिची जखम लिंपतात. अखेर समेट होतो : पिलांनी खडक पोखरावा, माणसांनी खनिज गोळा करावे. त्या प्राण्याच्या सोंगात यानोश प्रोहास्का नावाचा कलावंत जमिनीवर रांगत होता. एवढ्याशा साधनावर हे नाटक उभे आहे.

वाचकहो, या गोष्टीत खोटे कोणी बोलत नाही. कामगारांचे सोबती खरोखरच मेले होते. त्यांचा शोक खरा होता. फक्त तो अर्धा होता. उरलेला अर्धा शोक खडकाच्या पलीकडे होता आणि तो ऐकावयास कोणी गेले नव्हते. आपल्या गावांतील बांधाची, विहिरीची, वाटणीची भांडणे आठवा. दोन घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलणे नसते, आणि प्रत्येक घरात एकच अर्धी कथा मुलांस सांगितली जाते. आपला शेजारी कोण, या प्रश्नास प्रभूने दिलेले उत्तर आपण दरवर्षी मंदिरात ऐकतो. पण त्या शेजाऱ्याच्या अंगणात पाऊल टाकणे राहून जाते.

याच मालिकेत १५ डिसेंबर १९६६ च्या भागात शत्रूचे कान स्पॉकच्या कानांसारखे निघतात, आणि तेवढ्यावरून एक सोबती त्याला फितूर समजू लागतो. शेवटी स्पॉकच त्याचा जीव वाचवितो. नौकेवर उहुरा ही कृष्णवर्णीय स्त्री मानाच्या अधिकारपदावर आहे. ती भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स मालिका सोडणार होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्याला थांबविले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

मात्र सर्वच आम्ही वाखाणणार नाही. स्त्रियांचे पोशाख व कप्तानाचे प्रेमप्रसंग काही भागांत खटकतात. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी हे धर्मश्रद्धेचे पुरस्कर्ते नव्हते. माणूस स्वतःच्या बुद्धीनेच सुधारत जाईल असा त्यांचा विश्वास. पापाची व कृपेची गोष्ट येथे शोधू नये. तरीही १५ मार्च १९६८ च्या भागात रोमी साम्राज्यासारखे राज्य असलेल्या एका ग्रहावर छळ सोसणारे दास भेटतात. ते सूर्याचे उपासक असावेत असे सर्वांस वाटते. इंग्रजीत सूर्य व पुत्र या शब्दांचा उच्चार एकच आहे. ते देवपुत्राचे उपासक आहेत, हे शेवटी उहुराच उलगडून सांगते.

स्पॉक बोटांच्या दोन जोड्या विलग करून जो अभिवादनाचा हात उंचावतो, त्याचे मूळही ऐकण्याजोगे आहे. निमॉय ज्यू घरातले. लहानपणी बॉस्टनच्या सभास्थानात याजकांना आशीर्वाद देताना त्यांनी ही मुद्रा पाहिली होती. १ जानेवारीस मिस्सेच्या पहिल्या वाचनात आपण ऐकतो तोच हा अहरोनाच्या वंशाचा आशीर्वाद.

दूरदर्शनाविषयी पोप बारावे पायस यांनी ८ सप्टेंबर १९५७ रोजी परिपत्र काढले, आणि १९६३ साली व्हॅटिकन परिषदेनेही घरात काय येते याची दक्षता आईबापांवर सोपविली. दक्षता म्हणजे केवळ दार लावून घेणे नव्हे. मुलांशेजारी बसावे, एक भाग पाहावा, आणि पडदा बंद झाल्यावर एवढेच विचारावे : त्या खडकातल्या आईच्या जागी तू असतास तर? मुलाने उत्तर दिले की मग त्याच्याबरोबर रोझरीस बसावे, आणि ज्या घराशी आपले बोलणे नाही त्या घरासाठी एक रहस्य अर्पावे.