बुद्धीचा सामना की थैलीचा?

'अल्फागो' या संगणक-आज्ञावलीने 'गो' या प्राचीन चिनी पटखेळात ऑक्टोबर २०१५ मध्ये फान हुई यांना ५-० असे नमविले, तेव्हा तिच्या दिमतीला १,२०२ प्रोसेसर आणि १७६ ग्राफिक्स प्रोसेसर होते. छत्रपती संभाजीनगरातील महाविद्यालयांनी अशा आज्ञावल्यांची स्पर्धा भरवावयाचे मनावर घेतल्यास हा आकडा विसरता कामा नये. यंत्रबळ मोकाट सोडले, तर थैली जिंकेल, बुद्धी नव्हे. म्हणून प्रत्येक आज्ञावलीस सारखाच साधा संगणक, समान वेळ आणि ३६१ ऐवजी ८१ छेदबिंदूंचा लहान पट द्यावा. गुणगणना चिनी नियमांनी व्हावी. म्हणजे कोणते खडे मेले हा वाद पुढे खेळूनच, गुण न गमावता मिटतो. एवढे पथ्य पाळले, तरच मराठवाड्यातील सामान्य घरच्या विद्यार्थ्यास बरोबरीने डाव मांडता येईल.