डोंगर टिपायचाय? आधी ट्रायपॉड घ्या

पावसाळा अर्धा सरला की या सदराच्या टपालात एक प्रश्न हमखास येतो. कॅमेरा घरात आहे, आता निसर्गाचे फोटो काढायचे आहेत, तर लेन्स कोणती घेऊ? या वेळी असे पत्र इंदूरहून आले आहे. लिहिणाऱ्या भगिनी बँकेतून नुकत्याच निवृत्त झाल्या. पुण्याच्या भाच्याने नवा मिररलेस कॅमेरा घेतला आणि आपला जुना डीएसएलआर, त्यावरच्या १८-५५ मि.मी. लेन्ससह, मावशीला देऊन टाकला. सप्टेंबरअखेर माहेरी साताऱ्याला जायचे आहे, कासचे पठार पाहायचे आहे. या छंदासाठी त्यांनी दोन वर्षांत पन्नास हजार रुपये बाजूला टाकले आहेत. दुकानदार म्हणतो, ७०-२०० मि.मी., एफ-२.८ ची वापरलेली मोठी लेन्स मिळते आहे, दूरचे डोंगर हाताशी येतील, एकदाच घ्या आणि मोकळ्या व्हा. यजमान म्हणतात, फोन आहे ना! "पैसे एकदाच खर्च करता येतील. फुकट गेले तर पुन्हा घरात विषय काढायची माझी हिंमत होणार नाही," असे त्यांनी लिहिले आहे.

हे वाक्य वाचल्यावर चार ओळींत उत्तर देणे बरे वाटेना. म्हणून आजचे सदर या एकाच पत्राला.

ताई, ती मोठी लेन्स घेऊ नका. लेन्स वाईट आहे म्हणून नव्हे, तिच्यातल्या ज्या गुणाची किंमत तुम्ही मोजणार, तो गुण तुमच्या कामाचा नाही म्हणून. एफ-२.८ म्हणजे लेन्सचा झरोका मोठा उघडतो. लग्नाच्या मांडवात, नाटकाच्या रंगमंचावर, पळत्या खेळाडूच्या मागे तो हवाच, कारण तिथे प्रकाश कमी आणि माणसे हलती. डोंगर हलत नाही. शिवाय निसर्गदृश्यात पायाजवळच्या तेरड्यापासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट यावे अशी आपली इच्छा असते, आणि त्यासाठी झरोका लहानच करावा लागतो. एफ-८ किंवा एफ-११. म्हणजे मोठ्या झरोक्याचे पैसे भरायचे आणि तो कायम मिटून ठेवायचा. त्यात ही लेन्स दीड किलोच्या आसपास भरते. दोनदा खांद्यावर घेऊन फिरलात की तिसऱ्यांदा ती कपाटातच राहील.

आता प्रकाशाचा थोडा हिशेब करू. निसर्गदृश्याचे खरे सोने सकाळी उजाडताना आणि सायंकाळी मावळताना असते. दुपारी बाराचा डोंगर सपाट दिसतो. सूर्य उगवायच्या दहा-पंधरा मिनिटे आधी, आयएसओ १०० आणि एफ-८ ठेवलेत, तर शटर साधारण सेकंदभर उघडे ठेवावे लागते. हातात धरून फोटो काढायचा तर जुना ठोकताळा असा की तुमच्यासारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर लेन्सच्या मि.मी.ला दीडने गुणावे आणि सेकंदाचे तितके भाग करावे. १८ मि.मी.ला सेकंदाचा तिसावा भाग, ५५ ला ऐंशीवा, आणि २०० ला तर तीनशेवा. कुठे तीनशेवा भाग आणि कुठे अख्खा सेकंद! लेन्समधली स्थिरीकरणाची सोय हाताची थरथर बरीच सावरते, आयएसओ वाढवूनही वेळ मारून नेता येते. पण चित्रात रवाळपणा येतो, आणि धबधब्याचे पाणी रेशमासारखे उतरवायचे असेल तर मग दुसरा इलाजच नाही. कॅमेऱ्याला तीन पाय द्यावे लागतात. तुमच्या पन्नास हजारांतली पहिली खरेदी ट्रायपॉडची असावी, ती यामुळे.

अमेरिकेतले निसर्गचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचे एक उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. १९४१ सालच्या शरद ऋतूत न्यू मेक्सिको राज्यातून ते मोटारीने परतत होते. हर्नांडेझ या लहानशा गावावर चंद्र चढलेला आणि मावळतीचे शेवटचे ऊन दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर पडलेले त्यांना दिसले. गाडी थांबवून घाईघाईने त्यांनी भला थोरला कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला. प्रकाशमापक काही केल्या सापडेना. चंद्राच्या पृष्ठभागाचे तेज किती हे त्यांना पाठ होते, त्यावरून त्यांनी मनात गणित केले आणि एक फोटो घेतला. दुसरा घेणार तोवर क्रुसांवरचे ऊन निघून गेले होते. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या निसर्गचित्रांपैकी हे एक. त्यांच्या ज्ञानाचे कौतुक सगळेच करतात. मला कौतुक वाटते ते काही क्षणांत ट्रायपॉड उभा करणाऱ्या सवयीच्या हातांचे.

ट्रायपॉड दुकानात जाऊनच घ्यावा, आणि जाताना कॅमेरा बरोबर न्यावा. हजार-बाराशेचा प्लास्टिकच्या जोडांचा ट्रायपॉड फोनला ठीक, डीएसएलआरला नव्हे; जरा वारा सुटला की तो कापू लागतो आणि त्यावरचा फोटो हातातल्या फोटोपेक्षा बरा येत नाही. सर्व पाय पूर्ण उघडा, वरून तळव्याने दाबा, मग डोके धरून पिळून पाहा. कॅमेरा चढवा, पडद्यावरचे चित्र मोठे करा आणि लेन्सवर बोटाने हलकी टिचकी मारा. चित्र लगेच स्थिरावले तर ठीक. लंबकासारखे डोलत राहिले तर पुढचा दाखवायला सांगा. दुकानदाराला हे आवडणार नाही. न आवडो.

उंची पाहताना एक मेख आहे. मधला दांडा वर काढून मोजलेली उंची खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेली असते, पण तो दांडा वर काढला की तीन पायांचा ट्रायपॉड जवळजवळ एकपायी होतो. दांडा खाली ठेवून कॅमेरा तुमच्या हनुवटीपर्यंत आला तरी पुरे. पाय तीन भागांचे असले तर घडी लांब होते पण पाय भक्कम राहतात. चार-पाच भागांचे असले तर पिशवीत मावतात, मात्र शेवटची कांडी बोरूसारखी बारीक. मोकळे करताना नेहमी जाड कांड्या आधी सोडाव्यात, बारीक सर्वांत शेवटी. अ‍ॅल्युमिनियमचा, डोक्यासकट दीड ते दोन किलोंचा ट्रायपॉड तुमच्या कॅमेऱ्याला छान सांभाळेल. कार्बन फायबरचा हलका असतो आणि कंपने लवकर जिरवतो, पण किंमत पाहता गुडघ्यांची फारच तक्रार असेल तरच त्याचा विचार करा. डोके बॉल प्रकारचे घ्या. एक खटका सैल केला की कॅमेरा हवा तसा फिरतो. कॅमेऱ्याच्या बुडाला लावायची चकती सर्रास मिळणाऱ्या अर्का-स्विस पद्धतीची आहे का ते विचारा आणि एक जादा चकती घेऊनच बाहेर पडा. ट्रायपॉडचा हा एवढासा तुकडा जितका हरवतो तितके दुसरे काही हरवत नाही.

वापरताना उतारावर एक पाय चढाकडे आणि दोन उताराकडे ठेवावेत. वारा असेल तर उंची कमी करा, कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा, मधल्या आकड्याला पिशवी अडकवा, पण ती जमिनीला टेकलेली असू द्या, नाहीतर तीच झोके घेत बसते. शटर बोटाने दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा. स्थिरीकरणाचे बटण त्या वेळी बंद करा. कित्येक जुन्या लेन्स स्थिर कॅमेऱ्यावर नसलेली थरथर शोधत बसतात आणि चित्र बिघडवतात.

आता लेन्स. भाच्याने दिलेल्या १८-५५ ला दुकानदार 'किट लेन्स' म्हणून नाक मुरडतो; तुम्ही मुरडू नका. ही लेन्स १८ वर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पंच्याहत्तर अंशांच्या आसपास पाहते, ५५ वर जेमतेम अठ्ठावीस-एकोणतीस. निम्म्याहून अधिक निसर्गदृश्ये या दोन टोकांच्या मध्ये बसतात. ट्रायपॉडवर, एफ-८ ला, तिचे चित्र भिंतीवर लावण्याजोगे मोठे छापता येते. कासला हा प्रयोग करा: १८ मि.मी., एफ-८, आणि फोकस साधारण दोन मीटरवरच्या, म्हणजे साडेसहा फुटांवरच्या, एखाद्या झुडपावर. एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येईल. अजून स्पष्ट यावे म्हणून एफ-२२ वर जाऊ नका. छिद्र फार बारीक झाले की प्रकाश त्याच्या कडांपाशी पसरतो आणि सगळेच चित्र थोडे मऊ होते.

मग दुसरी लेन्स कधी? वर्षभराने. आणि कोणती, हे दुकानदाराने नव्हे, तुमच्याच फोटोंनी सांगावे. प्रत्येक फोटोबरोबर तो किती मि.मी.ला घेतला याची नोंद कॅमेरा ठेवत असतो. वर्षातले आवडते पन्नास फोटो काढून त्या नोंदी पाहा. बहुतेक १८ वर अडकलेले दिसले, तर तुम्हाला आणखी रुंद पाहायचे आहे; १० मि.मी.पासून सुरू होणारी लेन्स घ्या. मात्र तीत दूरचा डोंगर वारुळाएवढा होतो. पायाशी खडक, फुले, डबके असे काही असेल तरच ती खुलते. उलट बहुतेक फोटो ५५ वर असले, तर तुम्हाला निवडून पाहायला आवडते. ५५-२०० किंवा ५५-२५० ची हलकी, लहान झरोक्याची लेन्स घ्या. सह्याद्रीच्या एकामागे एक फिकट होत गेलेल्या निळ्या रांगा टिपायला हीच लेन्स लागते. माझा कल विचाराल तर आपल्या डोंगरांना दुसरी अधिक मानवते. पण नोंदी तुमच्या, निर्णय तुमचा.

ट्रायपॉडनंतर उरलेल्या पैशांतून लगेच घ्यावी अशी एकच वस्तू म्हणजे पोलरायझर फिल्टर. तुमच्या लेन्सच्या तोंडावर व्यासाचा आकडा लिहिलेला असतो, त्या मापाचा घ्या. ओल्या पानांवरची पांढरी चकाकी तो काढून टाकतो आणि हिरवा रंग खरा दिसतो. नंतर संगणकावर ही करामत होत नाही. त्याचा परिणाम सूर्याशी काटकोन करून उभे राहिल्यावर सर्वांत जास्त. महेश्वरला घाटावरून नर्मदेकडे पाहताना तोंड दक्षिणेला असते, म्हणजे सकाळी सूर्य बरोबर डाव्या हाताला. सरावाला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही, आणि तुम्हाला ती घराजवळ आहे! फिल्टर प्रकाश बराच खातो, शटर लांबते. ट्रायपॉड आहेच.

वर्षभराने वापरलेली लेन्स घ्यावीशी वाटली, तर बॅटरीचा झोत एका बाजूने पाडून दुसऱ्या बाजूने आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, सोडून द्या. कॅमेरा निकॉनच्या डी-३००० किंवा डी-५००० मालिकेतला असेल तर त्यात फोकसची मोटर नसते. जुन्या एएफ-डी लेन्स त्यावर बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो. कॅनन असेल तर ईएफ आणि ईएफ-एस दोन्ही चालतील. घरात मात्र आतापासूनच घट्ट झाकणाचा डबा करा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. कातडी पिशवीत, कपाटाच्या तळाशी, बुरशी अगदी आनंदाने वाढते.

यजमानांनाही एक सांगणे. तुमचे खोटे नाही. भर उन्हात फोन सुरेख फोटो काढतो. पाच-सातशेचा मोबाइल पकडायचा चिमटा त्याच ट्रायपॉडवर लावा आणि पहाटे दोघेही बरोबर निघा.

कासबद्दल दोन शब्द. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या ३९ स्थळांना युनेस्कोने जागतिक वारसा मानले, त्यांत हे पठार आहे. फुलांच्या हंगामात प्रवेश मर्यादित असतो, नोंदणी आधी करा. जांभ्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर आणि त्यात बोटभर उंचीची झाडे. सीतेची आसवं तर वाकून पाहिल्याशिवाय दिसतही नाहीत. तीन पाय ठेवायचे म्हणजे तीन जागी चिरडायची भीती. पायवाटेवरूनच, रबरी बूट लावून, पाय जवळ घेऊन काम करा, मग चौकट थोडी बिघडली तरी चालेल.

तुमचा शेवटचा प्रश्न, मांडूला ट्रायपॉड चालेल का? जहाजमहाल आणि तिथल्या इतर संरक्षित वास्तू पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत. आवारात साधा कॅमेरा नेता येतो, पण ट्रायपॉडला खात्याची आधी परवानगी घ्यावी लागते. दारावर वाद घालून उपयोग होत नाही, पत्र आधी पाठवा.