वालूरची बारव मोकळी झाली, आता राखायची कोणी?

देवगाव फाट्यावरून जिंतूरकडे निघाले की चारठाणा लागते. तिथला कोरीव मानस्तंभ आणि जुनी मंदिरे गावाच्या रोजच्या वावरातच उभी आहेत. अशा दगडांना गावच वाचवू शकते, हे शेजारच्या सेलू तालुक्यातील वालूरने दाखवले. गाळ-कचऱ्याने भरलेली चक्राकार पायऱ्यांची बारव गावकऱ्यांनी श्रमदानातून मोकळी केली.

पण एकदाच्या सफाईने भागत नाही. झुडपांची मुळे सांध्यात शिरली की दगड सरकतो. दर पावसाळ्यानंतर ती कोवळी असतानाच काढायला हवीत. त्यासाठी ग्रामपंचायतीने मजुरीची तरतूद करावी. उत्साहाच्या भरात सिमेंट, ऑइलपेंट मात्र नको! सिमेंट ओल कोंडते आणि जुना दगड झिजतो. निखळलेली पायरी बसवायला पुरातत्त्वचे जाणकारच बोलवावेत. देवळाच्या रंगाला वर्गणी निघते, बारवेच्या झाडलोटीलाही निघेल.