धोका जिथे, तिथे नोंदणी नाही

बांधकामावर तरुण मजूर जास्त वेळा जखमी होतो आणि वयस्क मजूर पडला तर दगावण्याचा धोका अधिक, असे अनेक देशांतील अभ्यास सांगतात. एकाला काम नवे, दुसऱ्याची हाडे झिजलेली. आपल्या १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने मात्र कल्याणकारी लाभांच्या नोंदणीसाठी १८ ते ६० वय आणि वर्षात ९० दिवस काम अशी अट घातली. म्हणजे पहिल्याच आठवड्यात स्लॅबवर चढलेला पोरगा आणि साठी उलटलेला गवंडी, दोघेही बाहेर. अनुभव वयस्काला सावरतो, हे खरेच. पण परांचीची सैल गाठ अनुभव विचारत नाही. साठीनंतर मजुराने घरी बसावे, असे म्हणणाऱ्यांनी त्याची चूल कशी पेटेल तेही सांगावे. नोंदणी पहिल्या दिवसापासून हवी, आणि वयस्काला त्याच मजुरीत जमिनीवरचे काम.