विश्लेषण : फोनवरची उर्दू वाचकाला परकी का वाटते?

फोनवर किंवा वेबसाइटवर उर्दू मजकूर अनेकदा अरबीसारखा दिसतो. अक्षरं तीच, शब्दही बरोबर, तरी उर्दूत शिकलेला माणूस वाचताना अडखळतो. असं का होतं?

नस्ख आणि नस्तालीक यांत फरक काय?

या अरबी लिपी लिहिण्याच्या दोन शैली. अरबी पुस्तकं आणि वर्तमानपत्रं बहुतेक नस्खमध्ये छापतात. तिथं शब्द सरळ ओळीत बसतात. उर्दूची शालेय पुस्तकं आणि मुंबईच्या 'इन्किलाब'सारखी वर्तमानपत्रं नस्तालीकमध्ये असतात. तिथं शब्द उजवीकडून डावीकडे तिरका खाली उतरतो. युनिकोड फक्त अक्षराची ओळख ठरवतं, वळण ठरवतो फॉन्ट. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे दिसतात, ते याच कारणानं.

नस्तालीक फोनवर यायला उशीर का झाला?

या शैलीत शेजारच्या अक्षरांनुसार अक्षराचं रूपही बदलतं आणि उंचीही. त्यामुळे खिळे जुळवून छापणं अवघड होतं. उर्दू वर्तमानपत्रांचा मजकूर अनेक दशकं कातिब हातानं लिहीत. १९८१मध्ये पाकिस्तानच्या 'जंग'नं संगणकावरचा 'नूरी नस्तालीक' वापरला. त्यात सुमारे २० हजार जोडरूपं होती. गूगलचा 'नोटो नस्तालीक उर्दू' २०१४मध्ये आला, तर आयफोनवर उर्दूसाठी नस्तालीक २०१७मध्ये, आयओएस ११सोबत.

मग शब्दावर जोर कसा द्यायचा?

इंग्रजीत इटालिक किंवा कॅपिटल अक्षरं वापरतात. अरबी लिपीत कॅपिटल नाहीत आणि इटालिकची परंपराही नाही. सॉफ्टवेअर अक्षरं उजवीकडे कलंडवतं, पण ही लिपी वाचतात डावीकडे. त्यामुळे शब्द मागे रेलल्यासारखा दिसतो. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर जोडलेली अक्षरं तुटतात. नस्तालीक फार ठळक केलं तर बारीक पोकळ्या बुजतात. जुन्या हस्तलिखितांत शब्दावर रेघ ओढत किंवा लाल शाई वापरत. नस्खमध्ये अक्षरांना जोडणारी रेघ लांबवण्याची, म्हणजे 'कशीदा'ची सोयही आहे. आजही रंग, वरची रेघ किंवा थोडा मोठा आकार हे उपाय चालतात.

यानं काय बिघडतं?

नीट फॉन्ट मिळाला नाही की लोक शेर, बातम्या, सूचना फोटो करून पाठवतात. फोटोतला मजकूर सहज शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही आणि अंध व्यक्तीचं स्क्रीन रीडर तो बहुतेकदा वाचू शकत नाही. म्हणजे मजकूर इंटरनेटवर असूनही नसल्यासारखाच.

उपाय अवघड नाही. वेबसाइट बनवणाऱ्यानं मजकुराची भाषा 'उर्दू' अशी नोंदवावी, नस्तालीक फॉन्ट द्यावा, दोन ओळींत जास्त जागा सोडावी आणि इटालिक बंद ठेवावं.