पाच जणांची अडीच तिकिटं

मे महिन्यात जळगावच्या नव्या बसस्थानकावर अजिंठ्याकडे जाणारी लाल परी लागते, तेव्हा कंडक्टरच्या मशीनवर घराघराचा हिशेब उमटत असतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं, २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट आणि बारा वर्षांखालच्या पोरांचं हाफ तर जुनंच. म्हणजे आई-वडील, दहा वर्षांचा मुलगा, ६८ वर्षांची आजी आणि ७६ वर्षांचे आजोबा असे पाच जण निघाले, तर पैसे पडतात अडीच तिकिटांचे. आजोबांनी आधार कार्ड मात्र घरी विसरता कामा नये. आजी महिलाही आणि ज्येष्ठही, म्हणून तिला दुप्पट सूट मिळत नाही! लेणी साठेक किलोमीटरवर, सोमवारी बंद. पंधरा वर्षांखालच्यांना प्रवेशाचे पैसे नाहीत. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडून पुढचे चारेक किलोमीटर वेगळ्या बसने जायचं, तो खर्च आधीच धरलेला बरा. धुळेकरांची गंमत निराळी. सुरतेला निघालेल्या वहिनींची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, नवापूर ओलांडलं की पूर्ण भाडं. पिशवीत दशम्या नि शेंगदाण्याची चटणी असली, की हॉटेलचं बिल वाचतं. उरलेल्या पैशांत परतताना पोरांसाठी उसाचा रस होतो, तोही बर्फ घालून.