घरातला प्रेक्षक

खेळणाऱ्याने कसे खेळावे याचे नियम ठरलेले असतात. ते मोडणाऱ्यास पंच तत्काळ शिक्षा करतो. पाहणाऱ्याने कसे पाहावे याचे नियम मात्र कोठे लिहिलेले नाहीत. आणि घरी बसून सामना पाहणाऱ्यावर लक्ष ठेवण्यास पंचही नसतो. म्हणून तेथे ज्याने त्याने स्वतःच स्वतःचा पंच व्हावे लागते.

18 डिसेंबर 2022 च्या रात्री कतारमधील लुसैल येथे विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. अर्जेंटिना आणि फ्रान्स हे ते दोन संघ. दोन्ही देश भारतापासून हजारो मैल दूर. तरीही त्या रात्री कोल्हापुरातील व गोव्यातील किती तरी घरांत साडेआठच्या आधीच माणसे दूरचित्रवाणीसमोर दाटीवाटीने बसली होती. कोल्हापुरात तर पेठापेठांतील तालमींचे स्वतःचे फुटबॉल संघ आहेत. विश्वचषक आला की तेथील रस्त्यांवर परदेशी खेळाडूंची भव्य चित्रे झळकू लागतात. एकाच घरात थोरला भाऊ एका संघाचा आणि धाकटा दुसऱ्या संघाचा, असेही घडते.

सामनाही तसाच रंगला. एकोणऐंशी मिनिटे होईपर्यंत अर्जेंटिनाचे दोन गोल होते आणि फ्रान्सचा एकही नव्हता. इतक्यात फ्रान्सच्या एम्बाप्पेने दोन मिनिटांच्या आत दोन गोल केले. जादा वेळेत मेस्सीने गोल केला. एम्बाप्पेने पुन्हा बरोबरी साधली. अगदी शेवटच्या क्षणी फ्रान्सच्या कोलो मुआनीने मारलेला चेंडू अर्जेंटिनाचा गोलरक्षक मार्टिनेझ याने पाय पसरून अडविला. अखेर पेनल्टी फटक्यांवर अर्जेंटिनाने 4-2 असा विजय मिळविला. असा सामना एकट्याने पाहण्यात निम्मी गोडी नाही. शेजारच्याचा हात घट्ट धरून श्वास रोखावा, गोल होताच सर्वांनी एकदम उठून ओरडावे, यातच त्याची खरी मौज असते.

कोणी म्हणेल, ‘परक्या देशासाठी एवढा जीव का टाकावा? खेळ पाहावा तो तटस्थपणे.’ हे म्हणणे ऐकावयास शहाणपणाचे वाटते. पण ते पुरते खरे नाही. कोणाची तरी बाजू घेतल्याखेरीज हुरहूर नाही, आणि हुरहुरीवाचून सामन्यात रंग भरत नाही. अनोळखी माणसांच्या सुखदुःखाशी काही काळ एकरूप होणे, हा मनाचा दोष नसून मोठेपणा आहे. दोष उत्पन्न होतो तो पुढे, आपला संघ हरल्यावर. त्या वेळी तोंडातून कोणते शब्द बाहेर पडतात, यावरून प्रेक्षकाची पारख होते.

16 जुलै 1950 रोजी ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथील माराकाना क्रीडांगणावर विश्वचषकाचा निर्णायक सामना झाला. प्रतिपक्षी उरुग्वे. ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती, म्हणून सारा देश विजयाच्या तयारीत होता. पण सामना संपावयास अकरा मिनिटे उरली असता उरुग्वेचा गिगिया चेंडू घेऊन पुढे घुसला. तो चेंडू मध्यभागी आपल्या सोबत्याकडे देईल, असा अंदाज करून गोलरक्षक बार्बोसा किंचित पुढे सरकले. आणि गिगियाने त्यांच्या व खांबाच्या मधल्या फटीतून गोल केला. ब्राझील 2-1 असा हरला.

अकरा खेळाडू हरले होते; पण लोकांनी दोषाचे सर्वांत मोठे ओझे लादले ते बार्बोसांवर. एका क्षणाच्या चुकलेल्या अंदाजाचा बोल त्यांना जन्मभर ऐकावा लागला. आपल्या देशात अपराध्यास अधिकात अधिक तीस वर्षांची शिक्षा होते, आपण मात्र पन्नास वर्षे शिक्षा भोगीत आहो, असे ते उतारवयात म्हणत. 2000 साली त्यांचे निधन झाले. त्यांना ही शिक्षा कोणत्याही न्यायालयाने दिली नव्हती. ती दिली होती सामान्य प्रेक्षकांनी.

त्याच दिवशी बाउरू नावाच्या गावातील एका घरात काही मंडळी नभोवाणीवर हा सामना ऐकण्यासाठी जमली होती. घरधनी दोंदिन्यो हे स्वतः फुटबॉलपटू. पराभवाची वार्ता ऐकताच त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाने वडिलांना रडताना कधी पाहिले नव्हते. तो त्यांच्याजवळ गेला आणि आपण एक दिवस तुम्हांला विश्वचषक जिंकून देऊ, असे म्हणाला. तो मुलगा म्हणजेच पेले. 1958 साली स्वीडनमध्ये ब्राझीलने विश्वचषक प्रथमच जिंकला. अंतिम सामन्यात सतरा वर्षांच्या पेलेने दोन गोल केले होते.

दुःख एकच होते. एकीकडे त्याचे रूपांतर दूषणात झाले, दुसरीकडे निश्चयात. त्या दूषणाने एका निरपराध माणसाचे आयुष्य कडू केले. त्या निश्चयाने साऱ्या देशाचे अश्रू पुसले.

ही गोष्ट जुनी झाली असे मात्र नाही. 11 जुलै 2021 रोजी युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या रॅशफर्ड, सांचो व साका यांचे पेनल्टी फटके वाया गेले. साका तर अवघा एकोणीस वर्षांचा होता. त्याच रात्री समाजमाध्यमांतून या तिघांच्या वर्णावरून त्यांना अर्वाच्य शिव्या देण्यात आल्या. लुसैलच्या सामन्यानंतर काही फ्रेंच खेळाडूंच्या वाट्यासही तेच आले. लिहिणारे बहुधा घरीच सुरक्षित बसलेले होते. आपले शब्द कोणाच्या जिव्हारी लागतील, याचा विचार त्यांनी केला नाही.

परंतु चित्राची दुसरी बाजूही आहे. मँचेस्टर शहरात रॅशफर्डचे एक भित्तिचित्र आहे. ते कोणी तरी विद्रूप केले, तेव्हा लहानथोर नागरिकांनी प्रेमाचे संदेश लिहिलेल्या कागदांनी ती भिंत झाकून टाकली. लुसैल येथे सामना संपल्यावर एम्बाप्पे खिन्न होऊन मैदानावर बसला होता. त्याची समजूत घालण्यास विजयी संघाचा मार्टिनेझ त्याच्याजवळ जाऊन बसला. ज्याने चार वेळा आपल्याला चकवून चेंडू जाळ्यात धाडला, त्याच्याच खांद्यावर हात ठेवणे हे मोठ्या मनाचे लक्षण होय.

मैदानावरच्या माणसास जे साधते, ते घरातल्या प्रेक्षकास अवघड का वाटावे? आपल्या संघासाठी त्याने खुशाल ओरडावे, रुसावे, प्रसंगी डोळ्यांतून पाणीही काढावे. प्रतिपक्षाने सुंदर गोल केला, तर त्याच्याही टाळ्या वाजवाव्यात. फटका चुकविणाऱ्या खेळाडूस शिवी देण्यापूर्वी, तो आपल्याच घरात आपल्यासमोर बसला आहे अशी कल्पना करावी. आणि दूरचित्रवाणी बंद झाल्यावर हरलेल्या पक्षाच्या भावाला चिडविण्याऐवजी त्याला पाण्याचा पेला आणून द्यावा. सामना दोन तासांत संपतो. तो ज्यांच्यासह पाहिला, ती माणसे जन्माची असतात.